तीन सुरांची संगत

एखादी चाल मनात आपोआप घोळू लागते, असा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना आला असेल. चार ओळी जुळवायच्या, त्यांना चाल लावायची आणि स्नेहसंमेलनात म्हणून दाखवायची, यात फारसे अवघड काही नाही. अडचण येते ती पुढेच. गिटार वाजवणारा मित्र विचारतो, "याच्या कॉर्ड्स कोणत्या?" आणि आपण त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. मग तोच ‘सी’, ‘एफ’, ‘जी’ अशी अक्षरे सांगतो, बोटांच्या जागा दाखवतो. त्या जागा आठवड्याभरात पाठही होतात. पण त्याच जागा का? एका कॉर्डनंतर दुसरी गोड का लागते आणि तिसरी का खटकते? याचे उत्तर पाठांतराने मिळत नाही. त्यासाठी थोडे पदार्थविज्ञानाचे आणि थोडे आपल्या संगीतशास्त्राचे बोट धरावे लागते.

पेटीजवळ बसा

घरी, शाळेत किंवा देवळात भजनाची पेटी असेलच. पांढरी एक ही पट्टी ‘सा’ समजा. मग पांढरी दोन रे, पांढरी तीन ग, असे करत पांढरी सात नि. आठवी पट्टी म्हणजे वरच्या सप्तकातला सा. तो आपण ‘सां’ असा लिहू. काळ्या पट्ट्यांना तूर्त सुट्टी.

भाता सावकाश मारत सा, ग आणि प या तीन पट्ट्या एकदम दाबा. भरलेला, स्थिर, शांत आवाज येईल. आता सा, रे, ग या शेजारच्या तीन पट्ट्या एकदम दाबा. आवाज खरखरीत येईल, जणू तीन माणसे एकाच दारातून एकदम बाहेर पडू पाहत आहेत! अशा एकदम वाजणाऱ्या तीन किंवा अधिक सुरांच्या जुळणीला कॉर्ड म्हणतात. सा-ग-प ही सर्वांत सोपी कॉर्ड. सा पांढरी एकवर असताना गिटारवाला हिलाच ‘सी मेजर’ म्हणतो.

एक जुळणी गोड आणि दुसरी खरखरीत का, ते आकड्यांवरून पाहू या. हिशेबाच्या सोयीसाठी सा म्हणजे सेकंदाला २४० कंपने असे धरू. मग शुद्ध स्वरांची कंपने अशी येतात : सा २४०, रे २७०, ग ३००, म ३२०, प ३६०, ध ४००, नि ४५० आणि सां ४८०.

सा, ग, प म्हणजे २४०, ३००, ३६०. तिन्हींना ६० ने भागा. उत्तर येते ४, ५, ६. किती साधे गुणोत्तर! सा, रे, ग यांचे काय? २४०, २७०, ३०० म्हणजे ८, ९, १०. आकडे मोठे झाले आणि एकमेकांच्या अगदी जवळ आले.

जवळचे आकडे त्रास का देतात? हर्सूलच्या तलावाचे पाणी शांत असेल अशा वेळी काठावरून दोन खडे थोड्या अंतरावर टाकून पाहा. दोन्ही वर्तुळे एकमेकांत शिरतात. जिथे उंचवट्यावर उंचवटा येतो तिथे पाणी जास्त उचलते आणि उंचवट्यावर खळगा आला की ते सपाट होते. हवेतल्या ध्वनिलहरींचेही तसेच होते. २४० आणि २७० कंपनांचे दोन सूर एकत्र वाजले, की सेकंदातून ३० वेळा ते एकमेकांना उचलून धरतात आणि ३० वेळा दाबतात. आवाजाच्या या हेलकाव्यांना इंग्रजी पुस्तकांत ‘बीट्स’ म्हणतात. सेकंदाला एक-दोन हेलकावे असतील तर कानाला ते मोजताही येतात. ते तीसच्या घरात गेले की मोजणे संपते आणि खरखर जाणवू लागते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुरांच्या गोडव्याचा आणि कडवटपणाचा उलगडा याच हेलकाव्यांवरून केला.

तंबोऱ्यातला न लावलेला गंधार

कॉर्ड ही पाश्चात्त्यांची कल्पना, आपल्या संगीतात ती नाही, असे तुम्ही ऐकले असेल. आपल्याकडे कॉर्ड्स बदलत गाण्याची पद्धत नव्हती, हे खरेच आहे. पण सा-ग-प ही जुळणी आपल्या कानांना शेकडो वर्षांच्या ओळखीची आहे. ती तंबोऱ्यात आहे.

तार छेडली की ती अख्खी हलते, आणि त्याच वेळी तिचे दोन भाग, तीन भाग, चार भाग असेही स्वतंत्रपणे हलत असतात. म्हणून एका तारेतून अनेक सूर निघतात. मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांच्या या सुरांना आपण उपस्वर म्हणू. तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला ६० कंपने करते असे समजा. तिचे उपस्वर १२०, १८०, २४०, ३००, ३६० असे येतील. यातले शेवटचे तीन आकडे ओळखीचे वाटतात ना? २४०, ३००, ३६०. सा, ग, प!

तंबोऱ्याच्या चार तारांपैकी एकही गंधारात लावलेली नसते. तरी चांगला जुळलेला तंबोरा छेडला की त्यातून गंधार स्पष्ट ऐकू येतो. गवई त्याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. तो आकाशातून येत नाही, खर्जाच्या तारेच्या पाचव्या भागातून येतो. तंबोऱ्यात तो विशेष ठळक असतो याचे कारण त्याची घोडी. तिचा माथा किंचित वक्र असतो आणि तार व घोडी यांच्यामध्ये दोरा घालून जवारी काढलेली असते. त्यामुळे वरचे उपस्वर भरपूर उमटतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तंबोरा आणि वीणा यांच्या घोड्यांचा हा गुण अभ्यासला होता. मिरजेचे कारागीर मात्र ही जवारी कानाने काढत आले आहेत. त्यांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

तेव्हा सा-ग-प ही कॉर्ड म्हणजे एका सुराच्या पोटात असलेले सूर बाहेर काढून शेजारी शेजारी मांडणे होय. सा चा तिसरा उपस्वर ७२० आणि प चा दुसराही ७२०. सा चा पाचवा १२०० आणि ग चा चौथाही १२००. इतक्या ठिकाणी ते एकमेकांवर नेमके बसतात, म्हणून भांडत नाहीत.

देवगिरीचा हिशेब

आता कॉर्ड्सच्या मालिकेकडे वळू. एकच कॉर्ड गाणेभर वाजवली तर ती तंबोऱ्यासारखी साथ होईल. गिटारवाला मात्र गाणे चालू असताना कॉर्ड बदलतो. सा च्या कॉर्डवरून निघून कुठे जायचे?

याची किल्ली आमच्या हर्सूलहून पंधरा-वीस किलोमीटरांवर सापडते. देवगिरीच्या किल्ल्याची सहल तुमच्यापैकी अनेकांनी केली असेल. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे यादव राजा सिंघण राज्य करीत होता. त्याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. घराणे मूळचे काश्मीरचे, काम राज्याचा हिशेब ठेवण्याचे आणि व्यासंग संगीताचा. त्याने लिहिलेला ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे, दोन्ही संगीतपरंपरांचे अभ्यासक आजही प्रमाण मानतात.

भरतमुनींच्या मागोमाग शार्ङ्गदेवानेही सप्तकाच्या २२ श्रुती मानल्या आणि कोणता स्वर कोणत्या स्वराचा ‘संवादी’, म्हणजे त्याच्याशी बोलणारा, हे श्रुती मोजून ठरवले. सा पासून नवव्या श्रुतीवर म येतो, तेराव्या श्रुतीवर प. हे दोघे सा चे संवादी. आजच्या आकड्यांत पाहा. प : सा म्हणजे ३६० : २४०, अर्थात ३ : २. म : सा म्हणजे ३२० : २४०, अर्थात ४ : ३. सप्तकाच्या आत याहून साधी गुणोत्तरे नाहीत. त्या काळचे मूळ सप्तक आजच्यासारखे नव्हते, पण सा-म आणि सा-प यांचे नाते तेच होते.

देवगिरीच्या दरबारात कोणी कॉर्ड वाजवीत नव्हते. पण पाहुणे म्हणून कोणाच्या घरी जायचे, याचे उत्तर त्या संवादात आहे. सा च्या घरातून निघालेल्या गाण्याला सर्वांत जवळची दोन घरे म आणि प यांची.

तीन कॉर्ड्स, सात स्वर

सा वर जशी ४ : ५ : ६ ची कॉर्ड बांधली तशीच म वर आणि प वर बांधू.

सा ची कॉर्ड : सा, ग, प – २४०, ३००, ३६०.
म ची कॉर्ड : म, ध, सां – ३२०, ४००, ४८०. तिन्हींना ८० ने भागा, ४, ५, ६.
प ची कॉर्ड : प, नि, रें – ३६०, ४५०, ५४०. तिन्हींना ९० ने भागा, पुन्हा ४, ५, ६.

(रें म्हणजे वरच्या सप्तकातला रे. २७० ची दुप्पट ५४०.)

आता यात कोणकोणते स्वर आले ते मोजा. सा, रे, ग, म, प, ध, नि. सातही आले, एकही उरला नाही! शुद्ध स्वरांत बांधलेल्या कोणत्याही चालीतला कोणताही स्वर या तीनपैकी एका तरी कॉर्डमध्ये असतोच. ‘तीन कॉर्ड्स आल्या की शेकडो गाण्यांना साथ करता येते’ असे गिटारवाले म्हणतात, ते याच बळावर. त्यांच्या सी, एफ आणि जी या तीन कॉर्ड्स म्हणजेच पांढरी एकवरून धरलेल्या सा, म आणि प च्या कॉर्ड्स.

आणखी एक गंमत पाहा. ग, म, ध, रे आणि नि हे पाच स्वर प्रत्येकी एकाच कॉर्डमध्ये आहेत. सा मात्र दोन कॉर्ड्समध्ये आहे, सा च्या आणि म च्या. प सुद्धा दोन कॉर्ड्समध्ये आहे, सा च्या आणि प च्या. म्हणजे आपल्याकडे ज्यांना अचल स्वर म्हणतात, नेमके तेच दोघे एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याचे दरवाजे झाले आहेत.

चालीखाली कॉर्ड बसवणे

आता प्रत्यक्ष काम करू. पुढची छोटी चाल मुद्दाम सोपी ठेवली आहे. चार चार मात्रांचे चार भाग आहेत.

ग – रे ग | म – ध म | प – म रे | सा – – –

प्रत्येक भागाच्या पहिल्या मात्रेवर कोणता स्वर आहे ते पाहा, कारण ठेक्याचा भार तिथे असतो. मधले स्वर पावलांसारखे येतात आणि जातात, त्या प्रत्येकासाठी कॉर्ड बदलण्याचे कारण नाही.

पहिला भाग ग वर सुरू होतो. ग फक्त सा च्या कॉर्डमध्ये आहे. प्रश्न मिटला.

दुसरा भाग म वर सुरू होतो आणि त्यात ध सुद्धा आहे. म ची कॉर्ड लावा.

तिसरा भाग प वर सुरू होतो. इथे दोन वाटा आहेत, सा ची कॉर्ड किंवा प ची. पण भागाच्या शेवटी रे आहे आणि रे फक्त प च्या कॉर्डमध्ये असतो. शिवाय पुढे घरी, म्हणजे सा वर जायचे आहे. म्हणून प ची कॉर्ड बरी.

चौथा भाग सा वर स्थिरावतो. सा ची कॉर्ड लावा आणि थांबा.

आपली मालिका झाली सा – म – प – सा. पेटीवर एका हाताला भाता लागतो, म्हणून एकाने चाल गावी आणि दुसऱ्याने कॉर्ड्स धराव्यात. म्हणून पाहा. शेवटच्या सा वर पोचताच हायसे वाटेल.

आता शेवटच्या भागात गळ्यातून तोच सा काढा, पण खाली म ची कॉर्ड धरा. सूर एकच, पण ऐकणारा आता टाळ्या वाजवणार नाही, पुढच्या ओळीची वाट पाहील. सा च्या कॉर्डने पूर्णविराम येतो, म च्या कॉर्डने स्वल्पविराम. कडवे संपले की नाही हे गाणाऱ्याच्या शब्दांआधी कॉर्ड सांगून टाकते. नव्या गीतकाराने सर्वांत आधी शिकावी ती ही गोष्ट. कॉर्ड त्या क्षणापुरते ठरवते की गळ्यातला सूर घरी आहे, दारात आहे की परगावी.

प ची कॉर्ड घराकडे इतक्या ओढीने का नेते? तिच्यातला प सा च्या कॉर्डमध्येही आहे, म्हणजे एक पाय आधीच घरात आहे. तिच्यातला नि सां च्या अगदी उंबऱ्यावर आहे, ४५० आणि ४८०. तो किंचित सरकला की पोचला. यात सवयीचाही भाग आहे. ही वाट आपण इतक्या गाण्यांतून ऐकलेली असते की कान आधीच पुढे धावतो.

उदास कॉर्ड आणि हरवलेली श्रुती

तीन कॉर्ड्स हाताखाली बसल्या की चौथी घ्या. ध, सां आणि गं. कंपने ४००, ४८०, ६००. तिन्हींना ४० ने भागा, उत्तर १०, १२, १५. गुणोत्तर थोडे गुंतागुंतीचे, आवाज थोडा हळवा. हिला मायनर कॉर्ड म्हणतात. सा च्या कॉर्डशी हिचे दोन स्वर सामाईक आहेत, सा आणि ग. म्हणून सा वरून ध वर जाताना घर बदलल्यासारखे वाटत नाही. त्याच घरातला दिवा मंद केल्यासारखे वाटते.

पाचवी कॉर्ड रे ची. रे, म, ध. सा – ध – रे – प – सा ही मालिका जगभरच्या गाण्यांत फार वापरली जाते. पण इथे एक घोटाळा आहे. तो कागद-पेन्सिल घेऊन पाहा.

प्रत्येक कॉर्ड बदलताना सामाईक स्वर जसाच्या तसा धरून ठेवायचा आणि नवी कॉर्ड त्याच्याशी अगदी शुद्ध गुणोत्तरात जुळवायची, असा नियम करू. सा २४० पासून निघालो. ध ची कॉर्ड सा शी जुळवली, ध आला ४००. आता रे ची कॉर्ड. तिच्यात ध सामाईक आहे. रे, म, ध हे १०, १२, १५ असायचे, म्हणून रे = ४०० × १० ÷ १५ = २६६·६७. पण आपला रे तर २७० होता! असू द्या, पुढे चला. प ची कॉर्ड या नव्या रे शी जुळवली तर प = २६६·६७ × ४ ÷ ३ = ३५५·५६. शेवटी सा ची कॉर्ड या प शी जुळवली तर सा = ३५५·५६ × २ ÷ ३ = २३७·०४.

घरातून २४० वर निघालो आणि घरी परतलो ते २३७ वर! एकही सूर बेसूर लावला नाही, तरी सा खाली उतरला. अशा पाच फेऱ्या केल्या तर गाणे एक पट्टी खाली येईल. मूळ सा आणि उतरलेला सा यांचे गुणोत्तर ८१ : ८० आहे. भरतमुनींनी दोन वीणांच्या प्रयोगात एका वीणेचा पंचम अगदी किंचित उतरवून ‘प्रमाणश्रुती’ दाखवली आहे. तिचे मापही अनेक अभ्यासक ८१ : ८० असेच मानतात. शार्ङ्गदेवानेही प्रत्येकी २२ तारांच्या दोन वीणा घेऊन असाच प्रयोग वर्णिला आहे. इतक्या लहान फरकाशी काय करायचे, असे कोणाला वाटेल. कॉर्ड्सची मालिका फिरवू लागलो की तोच फरक आडवा येतो.

पेटीने केलेली तडजोड

यावर उपाय दोन. गाणारे असतील तर ते कानाने एखादा सूर नकळत सावरून घेतात. पेटीला ते जमत नाही. तिची रीड ज्या सुराला लावली त्याच सुरात वाजणार. म्हणून पेटी, पियानो यांसारख्या वाद्यांत तडजोड केली. सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग पाडले. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या सुमारे १·०५९५ पट. बारा वेळा असे गुणले की बरोबर दुप्पट. आता सा कुठूनही धरा, कॉर्ड्स कितीही फिरवा, सा जागेवरून हलणार नाही.

पण किंमत मोजावी लागली. सा २४० ठेवला तर अशा पेटीवर प येतो ३५९·६ आणि ग येतो ३०२·४. प जवळजवळ शुद्ध आहे. ग मात्र चढा आहे. सा चा पाचवा उपस्वर १२००, या ग चा चौथा सुमारे १२०९·५. म्हणजे सेकंदाला साडेनऊ हेलकावे. तंबोरा वाजत असताना पेटीवर गंधार धरून ठेवला तर चांगल्या कानाला ही थरथर ऐकू येते.

म्हणूनच पेटीवर आपल्याकडे मोठे वाद झाले. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली २२ श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी आणि क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशांनी श्रुती वाजवू शकणाऱ्या हार्मोनियमचा पुरस्कार केला. आकाशवाणीने तर १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला दारे बंद ठेवली होती. मिंडेचा अभाव हे जसे तिच्यावरचे एक किटाळ, तसे हे ठरावीक सूर हे दुसरे. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुती वाजवता येतील अशी पेटी तयार करून तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला.

रागाचे घर मोडू नका

आता शेवटची आणि महत्त्वाची सूचना. तुमची चाल भूप रागावर आहे असे समजा. भूपात सा, रे, ग, प, ध एवढेच पाच स्वर. म आणि नि वर्ज्य. तुम्ही गळ्याने भूप अगदी शुद्ध गाल, पण खाली म ची कॉर्ड धरलीत तर मध्यम ऐकू येणारच, आणि प ची कॉर्ड धरलीत तर निषाद ऐकू येणार. गाणाऱ्याने जे स्वर कटाक्षाने टाळले ते साथीदाराने आणून बसवले! मग भूप कसला राहतो? भूपाच्या स्वरांतून तीन स्वरांच्या अशा कॉर्ड्स दोनच निघतात, सा-ग-प आणि ध-सां-गं. तेवढ्यांवर भागवा. तेही पटत नसेल तर नुसते सा आणि प धरा.

हा पेच मुंबईच्या चित्रपटसंगीतात रोज उभा राहत असे. तो सोडवण्यात गोव्याच्या वादकांचा फार मोठा वाटा आहे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवीत आणि तिथला मांडो दोन आवाजांत गाण्याची रीत आहे, तेव्हा एकाखाली दुसरा सूर ऐकण्याची त्यांच्या कानांना लहानपणापासून सवय. पुणतांब्याला जन्मलेल्या सी. रामचंद्रांना हळदोण्याच्या चिक चॉकलेट यांची साथ होती, शंकर-जयकिशन यांना सेबास्टियन डिसोझा यांची. संगीतकार चाल बांधी, आणि तिच्याखाली कोणते सूर शोभतील हे असे संयोजक ठरवीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी तर रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिल्या आणि १९५८ साली मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात त्या सादर केल्या. कॉर्ड्स आणि राग एकत्र नांदू शकतात. मात्र कोणी कोणाला किती जागा द्यायची, हे प्रत्येक चालीगणिक कानानेच ठरवावे लागते.

करून पाहा

१. सा २५६ धरून सा, म आणि प च्या कॉर्ड्समधील सर्व स्वरांची कंपने काढा. प्रत्येक कॉर्डचे गुणोत्तर ४ : ५ : ६ येते का ते तपासा.

२. वृंदावनी सारंगात ग आणि ध वर्ज्य आहेत. वरच्या तीन कॉर्ड्सपैकी या रागाखाली पूर्ण वाजवता येईल अशी एकच आहे. कोणती? आणि ती सा ची नसल्यामुळे गाणे संपवताना काय अडचण येईल?

३. मोबाइलवर तंबोऱ्याचे ॲप लावा आणि डोळे मिटून पाच मिनिटे ऐका. गंधार सापडला की त्याच्याबरोबर पेटीचा गंधार हळूच धरा आणि हेलकावे ऐकू येतात का पाहा. दोघांचा सा आधी नीट जुळवून घ्यायला विसरू नका.

४. स्वतः चार भागांची चाल रचा आणि कॉर्ड्स बसवा. मग फक्त शेवटची कॉर्ड बदलून ती घरच्यांना ऐकवा. गाणे संपले की अजून आहे, एवढेच त्यांना विचारा. त्यांची उत्तरे वहीत लिहून ठेवा. पुढच्या गाण्याला त्यांचा उपयोग होईल.